‘पार’ बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ॲपमधला ‘पार’ विभाग बंद करून सभासदांच्या जुन्या नोंदी काढून टाकल्याबाबत.

महोदय,

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. सहा वर्षांपासून तुमच्या शेती-ॲपचा वर्गणी भरणारा सभासद आहे. पाच हजार खोडांच्या बागेला लागणारी विद्राव्य खतं, ठिबकचं सामान, घडांवर घालायच्या पिशव्या हे सगळं तुमच्याकडूनच मागवतो. बिलं माझ्या खात्यात दिसतीलच.

तुमच्या ॲपमधला ‘पार’ म्हणजे आम्ही सभासदांनी फोटो आणि आवाज टाकून एकमेकांना विचारायची-सांगायची जागा. मागच्या महिन्यात सूचना आली : ‘पार’मधून उत्पन्न नाही, म्हणून तो बंद होत आहे. मुदत सात दिवसांची. ऐन कापणीत ती सूचना कोण वाचतो? आठव्या दिवशी उघडून पाहिलं, तर पाराच्या जागी खताची जाहिरात.

उत्पन्न नाही म्हणता, म्हणून गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो. ढगाळ हवा हटत नव्हती आणि मृगबागेतल्या (पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या केळीतल्या) कोवळ्या रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे उमटायला लागले. तुमच्या हेल्पलाइनला फोटो पाठवला. उत्तरात तीन औषधांचं किट आलं आणि खाली ‘आत्ताच मागवा’. तोच फोटो पारावर टाकला. अर्ध्या तासात यावलकडच्या एका आजोबांचा आवाज आला : "हा हरण्या आहे रे बाबा. लागलेलं रोप फवारून बरं होत नसतं. उपट आणि गाडून टाक. मावा कीड आवर, नाहीतर ती हा रोग बागभर नेईल. जवळपास काकडी-भोपळ्याचे वेल असतील तर तेही काढ." हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूचा रोग, हे तुमच्या तज्ज्ञांना माहीत असेलच, मग किट कशाला पाठवलं, ते त्यांनाच विचारा. दोनशे दहा रोपं स्वतःच्या हातानं उपटली. बाकीची बाग राहिली.

तुमचं किट मात्र खपलं नाही. तुमच्या वहीत हा पाराचा तोटाच लिहिला गेला असणार. पण त्याच बागेला पुढचे दहा महिने खत कोणाकडून आलं, तेही त्याच वहीत बघा. खतं आमच्या गावच्या कृषी केंद्रातही मिळतात, वर उधारीवर मिळतात. तरी मी रोज रात्री तुमचं ॲप उघडायचो, कारण बऱ्हाणपूरच्या लिलावात भाव काय निघाला आणि बांधावर व्यापाऱ्यानं हातात काय टेकवलं, हे पारावर कळायचं. तिथे बसल्या बसल्या खताची ऑर्डर जायची.

आमच्याकडे केळीच्या बागेला कडेनं शेवरी लावतात. तिला घड येत नाही. ती जागा अडवते, पाणी पिते. पण मे महिन्याची झळ आणि पावसाच्या तोंडावरचं वादळ ती अंगावर घेते. शेवरीनं यंदा किती रुपये दिले, असा हिशेब मी अजून कोणाला मांडताना पाहिला नाही. तुम्ही मांडलात आणि कुऱ्हाड चालवलीत.

पारावर कचरा नव्हता असं म्हणत नाही. सकाळी सकाळी गुलाबाची फुलं यायची, निवडणुकीत तर नको नको ते यायचं. ते निवडायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो, हे कळतं. त्यासाठी वर्गणी शंभर रुपयांनी वाढवली असती तरी मी भरली असती. विचारलंत का एकदा तरी?

आणि पाराच्या बदल्यात दिलं काय, तर ॲपमधला बोलणारा यंत्र-मदतनीस. शिरपूरकडची मंडळी पारावर अहिराणीत विचारायची, "हाई काय शे, भो?" आणि कोणीतरी त्याच बोलीत सांगायचं. या मदतनीसाला मी म्हटलं, "केळीला चरका बसला, काय करू?" त्यानं मला सूतकताईची माहिती दिली. थंडीनं केळीची वाढ अडकते त्याला खानदेशात चरका म्हणतात, एवढं त्याला आधी शिकवा.

सगळ्यात जास्त लागलं ते जुन्या नोंदींचं. कुठल्या साली थंडी कधी पडली, कोणाची कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) कशानं गेली, सगळं लोकांनी आपल्या आवाजात सांगून ठेवलं होतं. ऑर्कुट २०१४ साली बंद झालं, तरी आपले फोटो उतरवून घ्यायला लोकांना पुढे दोन वर्षं मिळाली. आम्हाला सात दिवस.

माझं मागणं असं : पार पुन्हा सुरू करा. ते होणार नसेल, तर जुन्या नोंदी निदान सहा महिने उतरवून घेता येतील अशा ठेवा आणि माझ्या वर्गणीतले उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत करा. वर्गणी भरताना तुम्ही दाखवलेल्या सुविधांत ‘पार’ पहिल्या क्रमांकावर होता, त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. नाही झालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

उत्तर कृपया माणसानं लिहावं.

आपला सभासद,
एक केळी उत्पादक
ता. रावेर, जि. जळगाव