माहेरी गेलेली बाळंतीण कोणत्या आशाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली की गरोदर बाई गाव बदलते, पण तिची नोंद सासरच्या आरोग्य उपकेंद्रातच राहते. आशांच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, कामाला मोठी गळती लागते ती इथे.

दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरभेट द्यायची असते. घरी झालं, तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालमृत्यू कमी करून दाखवले, त्या कामातून ही पद्धत आली. पण माहेरच्या आशाला बाळ झाल्याचं बारशालाच कळलं, तर तिसरा आणि सातवा दिवस हातचा गेलेला असतो. बाळ थंड पडणं, अंगावर नीट न ओढणं, नाळेला पू येणं, बाळंतिणीला ताप किंवा जास्त अंगावरून जाणं, हे सगळं याच दिवसांत पकडायचं असतं.

उशिरा भेट झाली तरी माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी हवं, कारण बाळाचं जन्मवजन त्यावर नोंदायचं असतं. ते बहुधा सासरीच राहतं. चौदाव्या दिवशी वजन २३०० ग्रॅम भरलं, तर त्याचा अर्थ काय लावायचा? जन्मतः २२०० असेल तर बाळ वाढतंय. २६०० असेल तर तातडीने दवाखान्यात न्यायला हवं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यायला हवं.

गोळ्यांचंही तसंच. लोहाची गोळी गरोदरपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची. बाई महिन्याच्या गोळ्या घेऊन निघते, त्या संपल्या की खंड पडतो. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, हेही तिला नव्या गावात कुणी सांगत नाही.

आरोग्य विभागाने एवढं करावं : ओटीभरणाच्या सुमारास सासरच्या आशाने माहेरच्या आशाला फोन करून संभाव्य तारीख, हिमोग्लोबिन आणि आरसीएच क्रमांक (गरोदर बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक) कळवावा, आणि दोघींच्या गटप्रवर्तकांनी, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांनी, तशी नोंद ठेवावी. कार्ड बाईच्या पिशवीत गेलं का, हे निघतानाच बघावं. आणि जिने भेट दिली तिलाच त्या भेटीचा मोबदला मिळावा, मग बाळंतीण कुठल्या का गावची असेना.

— एक गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा