हो म्हणून टाकलंय

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा, तुम्ही 'बघू' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला असता, म्हणून लिहितेय. अंटार्क्टिकाला हो म्हणून टाकलंय. मेडिकल झालं, औलीला बर्फातलं ट्रेनिंगही झालं, आता केपटाऊनमार्गे भारती स्टेशन, म्हणजे तिथलं आपलं संशोधन केंद्र. फक्त तिथल्या उन्हाळ्यापुरतं. हिवाळाभर राहणारी टीम वेगळी, मी त्यात नाही, आई हे दोनदा वाच.

बाबा म्हणणार, पाणीच तपासायचंय तर आपली ठाण्याची खाडी काय वाईट आहे. नाहीच वाईट, ऐरोलीला खांद्यावर बसवून फ्लेमिंगो तुम्हीच दाखवलेत ना? पण २०२३च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रावरचा बर्फ उपग्रहाच्या नोंदींत सगळ्यात कमी भरला, आणि क्रिलची पिल्लं हिवाळ्यात त्याच बर्फाखालचं शेवाळ खाऊन जगतात. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखाच गं आई, फक्त बोटाएवढा. देवमासे, पेंग्विन सगळे त्याच्यावर. आत्ता तिथं कोण कोण राहतं हे लिहून ठेवलं नाही तर उद्या काय गेलं ते कळणार कसं? आणि कामात धोका काही नाही हो, बाटलीभर पाणी बारीक फिल्टरमधून ओढायचं, फिल्टरवर जे डीएनए राहतं त्यावरून कुठला मासा तिथं होता ते कळतं, मासा धरायलाही नको. तिथल्या आइसफिशचं तर रक्तच लाल नसतं, पांढुरकं असतं.

स्टेशन आतून गरम असतं, डॉक्टर असतो, डाळभात मिळतो. फोन लागेल, रोज नाही लागला तर घाबरायचं नाही. मेतकूट मात्र तूच दे, ताप आला की मला अजून तुझ्या हातचा मेतकूट-भातच लागतो. पण तुळशीच्या मंजिऱ्या गुपचूप जॅकेटच्या खिशात घालायच्या नाहीत हं, तुझी सवय माहितेय मला. बी, माती काही चालत नाही तिथं, बुटांचे तळवेसुद्धा घासून नेतात.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं नाही, दादा रविवारी येईल तेव्हा काढेल. तलावपाळीचा फेरा चालू ठेवा, परतताना वडापाव नको, बरं, आठवड्यातून एक. आई, फिजिओ चुकवू नकोस, गुडघा बरा वाटला तरी.

शनिवारी गोव्याहून येतेय, रागवायचं ते तेव्हा समोर रागवा. फक्त शेजारच्या काकूंना इतक्यात सांगू नका, संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत होईल.

तुमची,
छकुली