बनगरवाडीपासून रुचिरापर्यंत

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं शनिवारचं पुस्तक-परीक्षण रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलेलं सकाळी पाहिलं. आईला वेळ सांगितली नाही. पुस्तकांबद्दलच लिहायचं म्हणून बसलोय, तेव्हा तेच लिहितो.

एका आठवड्यात कुठून कुठे गेलीस! सोमवारी 'बनगरवाडी', मंगळवारी एकदम कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', मग 'रणांगण', मग 'स्मृतिचित्रे'. स्वयंपाकाच्या पुस्तकावर परीक्षण लिहावं हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. वाटी-चमच्याच्या मापांनी नवशिक्यांची भीती घालवली, हे तू नेमकं धरलंस. आईने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "त्यातलं एक तरी करून पाहिलंय का हिने?" 'स्मृतिचित्रे'तलं ते मीठसुद्धा धुऊन घेणारं सोवळं वाचून तुला आजी आठवली. मलाही.

'बनगरवाडी'चं सगळ्यात उजवं. दुष्काळात वाडी ओस पडते त्यावर चारच ओळी लिहिल्यास, पण पुरल्या. 'रणांगण'चं मात्र पटलं नाही. त्यातल्या नायकाला, चक्रधरला, एका वाक्यात भेकड ठरवून मोकळी झालीस. १९३९ सालचं पुस्तक आहे ते. युद्ध दाराशी आलेलं, हॅर्टा जर्मनीतून हाकललेली ज्यू, आणि दोघांच्या वाट्याला बोटीवरचे मोजके दिवस. तो कच खातो हे खरंच, पण बेडेकरांनी ते झाकलेलं नाही, उलट त्यावरच पुस्तक उभं केलंय. पुन्हा वाच. दिवसा वाच. रात्री दोनला असेच निकाल लागतात.

डोळ्यांचं लिहिणार नव्हतो. वाचल्याने डोळ्याच्या आतला पडदा फाटत नाही, डॉक्टरांनी आपल्यासमोरच सांगितलंय, मान्य. पण उणे नऊ नंबर म्हणजे डोळा लांबट, पडदा ताणून पातळ झालेला. लखकन चमकारे दिसले, काळे ठिपके एकाएकी वाढले, कडेने सावली आल्यासारखं वाटलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. शकूआत्याने बघितली होती. थेंब घालून पडदा तपासायचं दिवाळीपासून राहिलंय. 'पुढच्या आठवड्यात जाते' हे मी किती वेळा ऐकायचं? तिथे बंगळुरात जेवतेस कधी, झोपतेस कधी, देव जाणे. जाऊ दे, भाषण झालं. कमावत्या मुलीशी असं बोलू नये, राग मानू नकोस.

लहानपणी तरी तू कुठे ऐकायचीस? ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तक बदललं की घर येईपर्यंत धीर नसे. तलावपाळीच्या गर्दीत पुस्तक तोंडासमोर धरून चालायचीस आणि मी मागून तुझ्या फ्रॉकचा पट्टा धरून. एकदा भेळेच्या गाडीवर आदळलीस. कपाळाला हे टेंगूळ, भेळवाला बिचारा बर्फ शोधतोय आणि तू विचारतेस, "बाबा, पान कितवं होतं?" मी म्हणायचो, अगं, १८९३ पासून लोक तिथली पुस्तकं वाचतायत, अजून संपली नाहीत, तू काय आज संपवणार? तुला तेही खरं वाटायचं नाही.

'बनगरवाडी'चं परीक्षण वरच्या काकांना वाचून दाखवलं. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने वाचलं, त्यामुळे अख्ख्या जिन्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या वहिनी विचारत होत्या, पुढचं कधी? पुढचं सावकाश येईल म्हणालो.

मैत्रिणीचं 'स्मृतिचित्रे' परत केलंस म्हणून आपलं मागवलंयस. ते पाठवणार नाही, अक्षर फार बारीक आहे. ठळक टायपातलं मिळतंय का बघतो. तोवर डॉक्टरांची वेळ घे आणि कधीची मिळाली ते मला कळव. आईला नको, ती लगेच बॅग भरेल.

तुझा,
बाबा