लिहिणे पुढे ढकलू नकोस

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात फोनवर तू मालिकेतल्या त्या प्रसंगाविषयी सांगितलेस, तेव्हा मी दिलेले उत्तर चुकीचे होते. ते लिहूनच कळवावे असे वाटले, म्हणून हे पत्र. सेटवर संवाद जमत नव्हते, तू मेकअप रूममध्ये बसून कॉलशीटच्या, म्हणजे त्या दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकाच्या, पाठीवर अर्ध्या तासात सगळा प्रसंग नव्याने लिहून दिलास, तो चित्रित झाला, घरोघरी दिसला, आणि श्रेयनामावलीत तुझे नाव फक्त कलाकारांत राहिले. त्यावर नव्या करारात तुझे सर्व लेखन निर्मात्याच्या मालकीचे राहील असे एक कलम आले. आणि मी काय म्हणाले, तर सध्या अभिनयाकडे लक्ष दे, वय आहे तोवर कामे मिळतात, लिहिणे काय, पन्नाशीतही होते. तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझे ते "बरं" पुढचे दोन दिवस माझ्या कानात होते.

त्यानंतर मी जुन्या काळच्या नटी शांता आपटे यांचा 'कुंकू' पुन्हा पाहिला. १९३७ सालचा हा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कथा नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरची. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली मुलगी त्याची बायको म्हणून नांदायला साफ नकार देते, एवढीच गोष्ट, पण केशवराव दात्यांसारख्या कसलेल्या नटासमोर ही मुलगी एक पाऊल मागे सरत नाही. त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, हे तुझ्या लक्षात आहे का? जो आवाज ऐकू येतो तो त्या घरातल्या, त्या गल्लीतल्या एखाद्या वस्तूचा किंवा माणसाचा. म्हणजे दुःखाच्या जागी व्हायोलिन नाही आणि रागाच्या जागी ढोल नाही. जे काय सांगायचे ते नटीने चेहऱ्याने आणि आवाजाने सांगायचे. हल्ली तुमच्या मालिकेत एका कटाक्षावर तीनदा झांजा वाजतात, त्या पार्श्वभूमीवर मला शांताबाईंचे काम फार मोठे वाटले. तेव्हा त्यांचे वय विशीच्या थोडे पुढे होते.

त्यांचा जन्म १९१६ सालचा, सोलापूरकडच्या दुधनीचा. गाण्याचे शिक्षण लहानपणापासून झालेले. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या प्रथम पडद्यावर आल्या, आणि १९३४ च्या 'अमृतमंथन'पासून प्रभातच्या झाल्या. 'झाल्या' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण त्या काळी नटनटी कंपनीत महिन्याच्या पगारावर असत, आणि करार असेपर्यंत दुसरीकडे पाऊल टाकण्याची मुभा नसे. चित्रपट कितीही चालला तरी पगार ठरलेला. पुढे कंपनीशी करारावरून त्यांचे बिनसले, आणि १९३९ मध्ये त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. देशभर ओळखला जाणारा चेहरा स्वतःच्या स्टुडिओच्या दारात उपाशी बसला, ही गोष्ट त्या वेळच्या पुण्याने कशी पाहिली असेल याची मला कल्पना करवत नाही. लॉ कॉलेज रोडवरच्या त्याच आवारात आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. नोकरीच्या काळात मी कितीतरी वर्षे बसमधून त्या आवारावरून गेले, पण आत काय घडून गेले आहे ते मला ठाऊक नव्हते.

पण मला तुला सांगायचे आहे ते त्याच्या पुढचे. १९४० मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिले, 'जाऊ मी सिनेमात?' या नावाचे. प्रश्नचिन्ह नावातच आहे. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकात त्यांनी आपल्या आठवणी उगाळल्या नाहीत, की कोणाच्या प्रेमप्रकरणांच्या कहाण्या सांगितल्या नाहीत. भांडवल घालणारा कोण, राबणारा कोण, नटी म्हणजे दिव्यांखाली घाम गाळणारी कामगार आहे आणि तिचे शरीर व मन थकते, त्या थकव्याचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही, हे त्यांनी उघड मांडले. बाळ, त्या तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांच्या होत्या. पुढे कामे मागायची होती ती याच धंद्यात, याच लोकांकडे. तरी लिहिले. आणि त्यांची कामे थांबली नाहीत. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी त्या ती भाषा शिकल्या आणि नायिकेची भूमिका त्यांनी केली. १९६४ साली त्या गेल्या, पन्नाशी त्यांनी पाहिलीच नाही. मी तुला ज्या पन्नाशीचा हवाला दिला होता, ती पन्नाशी.

मग मी बाकीच्यांची वये मोजत बसले. दुर्गाबाई खोट्यांचे आत्मचरित्र १९८२ चे, तेव्हा त्या सत्तरी ओलांडून पुढे गेलेल्या. लीला चिटणीसांचे त्याच सुमाराचे. हंसा वाडकरांनी आपली कहाणी सांगितली आणि ती दुसऱ्याने शब्दांत उतरवली. पुस्तक १९७० मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ही सगळी पुस्तके मोलाची आहेत, मी ती वाचली आहेत, काही जागी रडलेही आहे. पण ती मागे वळून पाहणारी आहेत. रोज सेटवर जाणाऱ्या, उद्याच्या कॉल टाइमची काळजी असलेल्या बाईने काम चालू असतानाच लिहिलेले पान वेगळे असते. तुझा तो प्रसंग लोकांना आवडला तो याच कारणाने, असे माझे मत आहे. ती सून कोणत्या शब्दाला अडखळेल हे तुला माहीत होते, कारण ती तूच रोज दहा-बारा तास जगत होतीस.

आता कराराकडे येते. मी बँकेत कर्जविभागात होते, हे तुला माहीतच आहे. तिथे आम्ही सही करायच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवायचो, आणि लोक फुली शोधून शोधून सह्या करायचे. वरचा मजकूर वाचणारा माणूस महिन्यातून एखादा. त्या बाकीच्यांच्या रांगेत तू उभी राहू नयेस म्हणून मी थोडी चौकशी केली. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. लेखन विकले तरी ते आपण लिहिले आहे असे सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा. आणि त्याच कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली आहे: चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा लेखकाला वारस किंवा (लेखकांसाठी रॉयल्टी गोळा करून वाटणारी) कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही, आणि दिला तरी तो करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. मात्र तू लेखक म्हणून पगारी नोकरीत आहेस असे करारात लिहिले असेल, तर लेखनाची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची होते. तुझ्या करारातला तो एक शब्द नीट पाहा. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. तिचे सभासदत्व घे, आणि यापुढे काहीही कोणाला दाखवण्याआधी तिथे नोंदवत जा.

यावर निर्माते नाराज होतील, कदाचित पुढची भूमिका दुसरीला देतील, ही भीती मला आहे आणि ती मी लपवत नाही. भाडे, प्रवास, नव्वद दिवसांनी मिळणारे पैसे, हे सगळे मला दिसते. अडचण आली तर माझी पेन्शन आहे, संकोच करू नकोस. पण लेखक म्हणून नाव माग. शांतपणे, लेखी माग.

ती कॉलशीट फेकली नसशील अशी आशा आहे. तिच्यावर तारीख घाल आणि जपून ठेव. कराराची प्रत मला पोस्टाने पाठव, मोबाइलच्या पडद्यावर ते बारीक अक्षर मला वाचवत नाही. सहीच्या जागी कोणी फुली मारून ठेवली असेल, तर ती आधी खोडून टाक.

तुझी,
आई