आमच्या घराच्या नकाशांबाबत तक्रार : आम्ही लिहून दिलेलं घर या कागदांवर नाही

प्रति,
व्यवस्थापक,
गृहरचना विभाग

विषय : नियोजित घराच्या बांधकाम-नकाशांतील गंभीर चुका आणि लेखी दिलेल्या गरजांकडे झालेलं दुर्लक्ष

महोदय,

आमच्या नव्या घराच्या आखणीचं काम तुमच्या कंपनीकडे सोपवलं त्याला आठ महिने झाले. फीचे दोन्ही हप्ते आम्ही ठरल्या दिवशी भरले. १६ कागदांचा बांधकाम-नकाशांचा संच गेल्या महिन्यात हातात आला आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणाच्या जिवाला स्वस्थता नाही. मी तीन वेळा फोन केला, दोन ईमेल पाठवल्या, एकदा स्वतः येऊन तुमच्या ऑफिसात दीड तास बसले. दर वेळी उत्तर एकच : "मॅडम, ते साईटवर ॲडजस्ट होऊन जाईल." म्हणून आता हे सगळं लिहून देते आहे.

पहिल्या बैठकीला येताना आम्ही सहा पानांचं टिपण आणलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. त्यात किती खोल्या हव्यात एवढंच नव्हतं. आमचा दिवस कसा उजाडतो, कोण कधी उठतं, कुणाला काय झेपत नाही, हे सगळं लिहिलं होतं. घरात आम्ही पाच जण. सासूबाईंचं वय ७८, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. घरातल्या घरात त्या वॉकर धरून चालतात, थकल्या की व्हीलचेअर लागते. माझ्या पतींना महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी असते, म्हणजे त्यांना भर दिवसा झोपायचं असतं. दोन मुली, दोघींच्या शाळेच्या वेळा वेगळ्या. मी घरी बसून शिवणकाम करते. हे टिपण लिहायला आम्हाला दोन रविवार लागले. मुलींनी त्यात स्वतःच्या हाताने दोन परिच्छेद घातले. तुमच्या आर्किटेक्टनी ते पान उलटत उलटत पाहिलं, "फार छान, अशी माहिती कोणी देत नाही" असं म्हणाले आणि फाईलमध्ये ठेवलं. मला वाटतं, ते त्या फाईलमधून पुन्हा बाहेर आलंच नाही.

नकाशे आल्यावर पहिले दोन दिवस आम्ही थ्रीडी चित्रांवरच खूश होतो, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, आपण हे गच्चीवर खऱ्या मापाने काढून बघू या. टेप, खडू आणि सुतळी घेऊन आम्ही तळमजल्यातला आईंचा भाग, म्हणजे त्यांची खोली, बाथरूम आणि मधला बोळ, जशाच्या तसा जमिनीवर उतरवला. मग आईंना व्हीलचेअरवर बसवून त्या रेषांमधून नेलं.

बाथरूमच्या दारापाशीच खुर्ची अडली. नकाशात ते दार ७५ सेंटीमीटरचं आहे. पण ते माप चौकटीच्या बाहेरून बाहेर आहे. दोन्ही बाजूंची चौकट ६-६ सेंटीमीटर धरली तर उरतात ६३. उघडं दारही थोडी जागा खातं ते वेगळंच. आईंच्या व्हीलचेअरची रुंदी आहे ६४. व्हीलचेअर सहज जायची तर दाराची मोकळी जागा किमान ८० ते ९० सेंटीमीटर लागते, ही काही गुप्त माहिती नाही. खुर्ची जागच्या जागी फिरवायला १५० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. तुम्ही दिलेल्या बाथरूमची रुंदी १२० आहे. त्यात दार आतल्या बाजूला उघडतं. धाकटीने दाराच्या मापाची काठी हातात धरून दार लोटल्यासारखी आत फिरवली, तर ती आईंच्या पायाखालच्या पट्टीवर आपटली. आई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी आत गेले की दार उघडंच ठेवायचं का?"

हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं. बाकीच्या चुका मी कदाचित फोनवर सांगून सोडून दिल्या असत्या.

आता उताराचं बघा. टिपणाच्या पहिल्याच पानावर आम्ही लिहिलं होतं की आईंना बाहेरून घरात येताना पायरी नको, उतार हवा. तुम्ही उतार दाखवला आहे, नाही असं नाही. पण जोत्याची उंची ४५ सेंटीमीटर आणि उताराची लांबी १८० सेंटीमीटर. म्हणजे चारास एक. व्हीलचेअरसाठीचा उतार जास्तीत जास्त बारास एक असावा, असं सर्वत्र धरलं जातं. त्या हिशेबाने ४५ सेंटीमीटर चढायला ५४० सेंटीमीटर लांबी लागते, शिवाय वर दारापाशी खुर्ची थांबवायला सपाट जागा. तुमच्या उतारावरून धडधाकट माणसालाही व्हीलचेअर ढकलत नेणं अवघड आहे, आणि खाली उतरताना ती हातातून सुटली तर काय, याचा विचारही करवत नाही. बाजूच्या भिंतीला धरून वळणाचा उतार बसेल एवढी जागा आमच्या प्लॉटवर आहे. मी स्वतः कागदावर काढून पाहिला, बसतो.

जिना तर दोन कागदांवर दोन प्रकारचा आहे. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिल्यासारख्या नकाशात, मोजले तर १५ चढ; सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभं कापून दाखवलेल्या नकाशात, १७. दोन मजल्यांमधली उंची दोन्हीकडे ३१५ सेंटीमीटरच. १५ चढ धरले तर एकेका पायरीची उंची २१ सेंटीमीटर होते, १७ धरले तर साडेअठरा. पायरीची रुंदी दोन्हीकडे २५. सतराव्या शतकात फ्रांस्वा ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या पावलावरून हिशेब मांडला होता, आणि तो आजही वापरतात : पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी, ही बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटीमीटरच्या आसपास यावी. तुमच्या प्लॅनमधल्या जिन्याची ६७ येते. असा जिना चढताना दम लागतो आणि उतरताना टाच काठावर टेकते. १८ चढ घेऊन साडेसतराची पायरी आणि २७ ची रुंदी धरली तर बेरीज ६२ होते. त्यासाठी जिन्याची जागा थोडी वाढवावी लागेल, पण ती आत्ता, कागदावर वाढवता येते. शिवाय मधल्या टप्प्यावर बीम आडवा येतो, तिथे डोक्यावर १८५ सेंटीमीटरच उरतात. माझ्या पतींची उंची १८० आहे. रात्रपाळी करून पहाटे डोळे चुरचुरत घरी येणारा माणूस रोज त्या बीमखालून वर जाणार आहे.

"साईटवर ॲडजस्ट" म्हणजे नक्की काय, हे मला समजावून सांगा. जिन्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, बांधणारा माणूस सकाळी येणार, त्याच्या हातात हे दोन कागद असणार. त्याने उंचीला १५ ने भागायचं की १७ ने? तो त्याच्या परीने एक ठरवेल, पट्ट्या ठोकेल, दुपारी काँक्रीट पडेल. दोष कुणाचा, हे आपण त्यानंतर वर्षभर बोलत बसू आणि आई तोच जिना बघून खालीच राहतील.

आर्किटेक्टचे नकाशे आणि स्ट्रक्चरचे नकाशे एकमेकांशी कुणी ताडून पाहिले का, अशीही शंका येते. स्ट्रक्चरच्या कागदावर स्वयंपाकघरात २३ बाय ४५ सेंटीमीटरचा कॉलम आहे, तो बरोबर त्या जागी जिथे आर्किटेक्टच्या कागदावर सिंकवरची खिडकी आहे. दोन्ही गोष्टी एकाच जागी होणार नाहीत. वीजजोडणीच्या कागदावर खाली एक सूचना आहे : तळघरातल्या पंपासाठी वेगळं स्विचबोर्ड द्यावं. आमच्या घराला तळघर नाही. कधीच नव्हतं, मागितलंही नव्हतं. म्हणजे तो कागद दुसऱ्या कुणाच्या घराचा आहे आणि त्यावरचं नाव बदलून आम्हाला दिला आहे. हे वाचलं तेव्हा मला राग आला नाही, वाईट वाटलं. तेवढ्याच विश्वासाने दुसऱ्याही कुणीतरी तुमच्याकडे घर सोपवलं असणार.

झोपण्याच्या खोल्यांबद्दल. तुमच्या १ : ५० च्या प्लॅनवर पट्टी ठेवून मी पलंग मोजला. लांबी ३.२ सेंटीमीटर भरली, म्हणजे प्रत्यक्षात १६० सेंटीमीटर. आमचा पलंग २०० सेंटीमीटर लांब आहे. १६० च्या पलंगावर माझ्या पतींचे पाय बाहेर येतील. छोटा पलंग काढला की खोली मोठी दिसते, हे मला कळतं. पण खरा पलंग ठेवला की पायथ्याशी तुम्ही दाखवलेली ७५ सेंटीमीटरची वाट ३५ वर येते आणि कपाटाचं दार उघडतच नाही. फर्निचर लहान काढून खोली मोठी दाखवणं याला मी चूक म्हणणार नाही. ही फसवणूक आहे, आणि असंच लिहिते आहे.

ज्या खोलीत पतींना दिवसा झोपायचं आहे, तिच्या डोक्यावर तुम्ही मुलींची बाथरूम आणली आहे. आधीच्या आराखड्यात ती खालच्या बाथरूमच्या थेट वर होती, पाइप सरळ एकाच शाफ्टमधून खाली येत होते. ती का हलवली, हे विचारल्यावर उत्तर मिळालं की समोरच्या एलिव्हेशनमध्ये, म्हणजे घराच्या दर्शनी चित्रात, तिची लहान खिडकी बरी दिसत नव्हती. त्यापायी सांडपाण्याचा पाइप झोपण्याच्या खोलीच्या छताखालून ४ मीटर आडवा जाणार. चाळीसास एक उतार धरला तर त्याच लांबीत १० सेंटीमीटर खाली येणार, शिवाय पाइपची स्वतःची जाडी आणि ते झाकायला फॉल्स सीलिंग. मुलींनी सकाळी शाळेला जाताना नळ सोडला की खाली नुकताच डोळा लागलेल्या माणसाच्या उशाशी पाणी धडधडत जाईल. टिपणाचं तिसरं पान काढून वाचा, तिथे आम्ही शब्दशः लिहिलं आहे : "या खोलीच्या वर आणि शेजारी पाणी नको."

बैठकीच्या खोलीत पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच दिली आहे, वर ६० सेंटीमीटरचा छज्जा. दुपार कलल्यावर सूर्य खाली येतो आणि ऊन तिरपं आत येतं, आडवा छज्जा ते अडवू शकत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, झडपा किंवा बाहेर झाड लागतं. तुमच्या थ्रीडी चित्रात त्या काचेतून सोनेरी ऊन आत आलेलं दाखवलं आहे आणि सोफ्यावर कुणीतरी पुस्तक वाचतं आहे. माझं शिवणकामाचं टेबल त्याच काचेशी ठेवायचं आहे. समोरून येणाऱ्या उन्हात सुईत दोरा ओवून पाहा, मग काय म्हणते ते कळेल.

मध्यंतरी तुमच्याकडच्या एका तरुण ड्राफ्ट्समनशी फोनवर बोलणं झालं. मी टिपणाचा उल्लेख केला तर तो गप्प झाला आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला की असं काही टिपण आहे हेच त्याला माहीत नाही, त्याला फक्त खोल्यांची यादी आणि एलिव्हेशनचं चित्र मिळालं होतं. कृपया त्याला यावरून बोल लावू नका. त्या एका वाक्याने मला सगळा उलगडा झाला. बाहेरून घर कसं दिसेल हे तुम्ही आधी ठरवलं आणि आत राहणाऱ्यांना त्यात बसवत गेलात.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडून ईमेल आली की दोन बदल मोफत झाले आहेत, तिसऱ्या बदलाला वेगळी फी पडेल. मी इथे बदल मागत नाही. पिवळ्या रंगाऐवजी पांढरा हवा, असं म्हटलं तर तो बदल. दारातून व्हीलचेअर जात नाही, दोन कागदांवर दोन जिने आहेत, खिडकीत कॉलम आहे, या चुका आहेत. त्या दुरुस्त करण्याचे पैसे मी देणार नाही.

माझी मागणी अशी. संपूर्ण संच आमचं टिपण समोर ठेवून नव्याने तपासा आणि काढा, वेगळी फी न घेता. आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, प्लंबिंग आणि वीज हे चारही कागद एकावर एक ठेवून ताडले आहेत, असं जबाबदार माणसाने सहीनिशी लिहून द्यावं. फर्निचर आम्ही दिलेल्या खऱ्या मापाने काढावं. जिन्याचा आणि आईंच्या बाथरूमचा मोठ्या प्रमाणातला वेगळा तपशील-नकाशा हवा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत याचं वेळापत्रक लेखी कळवा. ते मान्य नसेल तर नकाशांसाठी घेतलेला दुसरा हप्ता परत करा, आम्ही दुसरीकडे जाऊ. यातलं काहीच झालं नाही तर ग्राहक म्हणून रीतसर दाद मागावी लागेल, आणि ती मी मागेन. कंत्राटदाराला आम्ही सांगून ठेवलं आहे की सुधारित नकाशे येईपर्यंत पायाची आखणीसुद्धा करायची नाही.

आणखी एक विनंती. उत्तर लिहिण्याआधी तुमच्या आर्किटेक्टना एकदा आमच्याकडे पाठवा. गच्चीवरच्या खडूच्या रेषा आम्ही पुसलेल्या नाहीत. टेप आमच्याकडे आहे, दाराच्या मापाची काठीही ठेवली आहे. आईंची व्हीलचेअर देऊ. त्यांनी त्यात बसून त्या बाथरूममध्ये जाऊन दाखवावं आणि आतून दार लावून दाखवावं.

आपली,
एक ग्राहक

सोबत : सहा पानी टिपणाची प्रत, चुका लाल शाईने दाखवलेले नकाशे, गच्चीवरच्या आखणीचे फोटो