नंबर लपवायची युक्ती आणि सिमवरचं नाव

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सध्या व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय, फोन लावताना नंबरच्या आधी #31# दाबा म्हणजे समोरच्याला तुमचा नंबर दिसणार नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो पुन्हा पुन्हा येतो आणि खाली लगेच अंगठ्यांची रांग. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमधे गेली म्हणून लोक मला विचारतात काका हे खरंय का, तर एकदाच सविस्तर लिहितो आणि त्याच ओघात अजून एक गोष्ट सांगतो, जी मला या फॉरवर्डपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

कोड खोटा नाहीये. मोबाइलच्या जीएसएम पद्धतीत तो खरंच आहे आणि बाहेर असे कोड लोक सर्रास वापरतात, अमेरिकेत *67, इंग्लंडात 141. पण कोड दाबला की नंबर गायब होतो हा समज मात्र चुकीचा. तुम्ही फोन लावला की तुमची कंपनी समोरच्याच्या कंपनीला जो निरोप पाठवते त्यात तुमचा नंबर असतोच असतो, सोबत फक्त एक खूण जाते, दाखवा किंवा दाखवू नका. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे पण पोस्टमनला सांगून ठेवलंय की घरात देताना तेवढा भाग झाकून दे, असं काहीसं. शेवटच्या एक्सचेंजपर्यंत नंबर पोचतो, तिथलं मशीन ती खूण बघतं आणि स्क्रीनवर नुसतं "प्रायव्हेट नंबर" येतं. कंपनीकडे नोंद राहते, पोलिसांना हवा तेव्हा नंबर मिळतो. लँडलाइनलापण हेच होतं, रिंगच्या आगेमागे एक्सचेंज सूर पाठवायचं आणि फोनशेजारचा कॉलर आयडीचा तो छोटा बॉक्स ते वाचून आकडे दाखवायचा, त्याचं महिन्याचं भाडं वेगळं. रात्री-अपरात्री फोन करून काही न बोलता ठेवून देणारे महाभाग बॉक्स आल्यावर बरेच गप्प झाले हे मी स्वतः पाहिलंय.

आता आपल्याकडे. नंबर लपवायच्या या सोयीला सीएलआयआर म्हणतात आणि सरकारनं टेलिफोन कंपन्यांना जे लायसन दिलंय त्यातच लिहिलंय की ही सोय सहसा ग्राहकाला द्यायची नाही, कुणी मागितली तर कारण तपासून मगच, आणि कॉल सेंटर, टेलिमार्केटिंग, घाऊक कनेक्शनवाले यांना तर नाहीच. त्यामुळे साधं सिम घेऊन तुम्ही #31# दाबत बसलात तर कॉल लागत नाही किंवा नंबर दिसतोच. फोनच्या सेटिंगमधे "हाइड नंबर" असतं तेपण त्याच खुणेवर चालतं, कंपनीनं सोय दिली नसेल तर ते बटण नुसतं शोभेचं.

मग ते बँकेच्या किंवा पोलिसांच्या नावानं येणारे फ्रॉड कॉल? ती मंडळी नंबर लपवत नाहीत, दुसऱ्याचा घालतात. इंटरनेटवरून कॉल सोडताना पाठवणाऱ्याच्या रकान्यात हवा तो नंबर भरता येतो आणि पुढचं नेटवर्क त्यावर विश्वास ठेवतं, कारण ही सगळी यंत्रणा बांधली तेव्हा एक्सचेंज म्हणजे सरकारी खातं, खोटं कोण सांगणार. परदेशातून कॉल यायचे आणि स्क्रीनवर +91 चा साधा भारतीय नंबर. ऑक्टोबर 2024 मधे सरकारनं यावर एक सिस्टीम बसवली. परदेशातून +91 चा कॉल आला की ती विचारते हा नंबर खरंच सध्या परदेशात रोमिंगवर आहे का, नसेल तर कॉल तिथेच बाद. पहिल्या 24 तासांतच असे 1 कोटी 35 लाख कॉल अडवले. कॉलर आयडीत फेरफार करणाऱ्याला 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे चोरांकडे सरकारचं लक्ष आहे, तक्रार नाही.

माझं म्हणणं साध्या माणसांबद्दल आहे. ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी 2024 मधे शिफारस केली की फोन आल्यावर नंबरबरोबर नावपण दिसलं पाहिजे, याला सीनॅप म्हणतात, आणि ऑक्टोबर 2025 मधे ठरलं की ही सोय सगळ्यांना आपोआप चालू राहील. कंपन्या टप्प्याटप्प्यानं आणतायत, 4जी-5जी वर आधी. ट्रूकॉलर ॲपला नाव मिळतं ते बरंचसं लोकांकडूनच, त्यामुळे तिथे कुणी "गॅसवाला" तर कुणी "उचलू नको" असतो. सीनॅपचं नाव सिम घेताना भरलेल्या फॉर्मवरून येणार. ऐकायला फार छान.

पण फॉर्मवर नाव कुणाचं आहे हो? आपल्या घरांतली सिमं बघा. बायकोचं नवऱ्याच्या नावावर, सुनेचं सासऱ्याच्या, कॉलेजातल्या मुलीचं वडलांच्या, म्हाताऱ्या आईचं मुलाच्या, कारण दुकानात गेला तो आपलं आधार कार्ड देऊन चार सिमं घेऊन आला. एका माणसाला 9 कनेक्शन घेता येतात, नियमात बसतं. आता हीच सून शिकवण्या घेते किंवा पापड-मसाल्याच्या ऑर्डरी घेते, तिनं गिऱ्हाइकाला फोन केला की समोर सासऱ्यांचं नाव. गिऱ्हाइक म्हणणार हे कोण, उचलणारच नाही. घर सोडून माहेरी आलेली बाई नोकरीसाठी फोन करेल आणि समोर ज्याला सोडून आली त्याचं नाव दिसेल. याउलट आशाताई, शाळेतल्या बाई, समुपदेशन करणाऱ्या बायका, यांना कामासाठी स्वतःच्याच फोनवरून अनोळखी घरांत फोन करावे लागतात, त्यांचा नंबर जातोच, आता पूर्ण नावपण जाणार, आणि मग रात्री अकराला "जेवलात का" सुरू. नाव लपवायची मुभा कुणाला? ज्यांना सीएलआयआर आहे त्यांना. तो सामान्य माणसाला मिळत नाही हे वर लिहिलंच.

यात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे त्याच शिफारशीत व्यावसायिक आणि घाऊक कनेक्शन घेणाऱ्यांना आपल्या पसंतीचं नाव दाखवायची सवलत आहे, ट्रेडमार्क किंवा जीएसटीत नोंदवलेलं व्यापारी नाव चालतं. कंपनीला हवं ते नाव, आणि शिकवणीच्या बाईंना सासऱ्यांचं. ही कसली पद्धत.

हवंय ते काही फार नाही. एक, कुटुंबातल्या माणसाच्या नावावर सिम असेल तर वापरणाऱ्या व्यक्तीचं नाव ओळखपत्र दाखवून नोंदवता आलं पाहिजे, मालकी बदलायची भानगड न करता. दुसरं, कामासाठी अनोळखी लोकांना फोन करणाऱ्यांना त्यांच्या खात्याच्या किंवा संस्थेच्या पत्रावर कॉलपुरता नंबर झाकायची सोय. पोलिसांना नंबर दिसतोच तर घाबरायचं कशाला? कुणी म्हणेल याचा गैरवापर होईल, पण गैरवापर करणारा कंपनीच्या दुकानात अर्ज घेऊन रांगेत उभा राहत नाही हो.

तोवर आपल्या हातात असलेलं. सरकारच्या संचार साथी या साइटवर आपला नंबर टाकून लॉगिन केलं की त्या ओळखपत्रावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, घरातल्या प्रत्येक बाईनं ते एकदा बघावं. सिम दुसऱ्याच्या नावावर निघालं तर दोघांनी कागदपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जावं, नंबर तोच ठेवून नाव बदलून मिळतं. बँकेचं काम म्हणून कुणी बोललं तर नंबर 1600 नं सुरू होतोय का बघा, बँकांना ती सिरीज ठरवून दिलीय, आणि 140 आला तर ती जाहिरात. संशयास्पद कॉल संचार साथीवरच "चक्षु" मधे टाका, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या हेल्पलाइनला फोन करा. ट्रूकॉलरवरून नाव काढायचं असेल तर त्यांच्या साइटवर अनलिस्टची सोय आहे, आधी आपलं अकाउंट बंद करावं लागतं एवढंच. आणि तो #31# वाला फॉरवर्ड कृपा करून पुढे पाठवू नका.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, मिरज