पाठीवरचा शेराही स्कॅन व्हावा

महोदय,

जुने ग्रंथ आणि कागदपत्रं इंटरनेटवर येऊ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. बडोद्याच्या 'गायकवाड्स ओरिएंटल सिरीज' या प्राचीन ग्रंथांच्या मालेतला एखादा ग्रंथ आता इंदूरचा किंवा साताऱ्याचा विद्यार्थी घरबसल्या उघडू शकतो. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि पुढे खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या, त्यामागची तळमळ याच जातीची होती.

पण स्कॅन झालं म्हणजे काम झालं, असं आपण धरून चाललो आहोत, ते काही बरोबर नाही.

जुन्या मोडी लिपीतलं एक पान डोळ्यांसमोर आणा. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांखाली बोरूनं लिहीत सुटायचं. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. आता त्याचं स्कॅन पाहा. शिवणीकडची दोन-तीन अक्षरं घडीत गेलेली, फाइलला नाव म्हणून नुसता एक आकडा, आणि मागची बाजू घेतलेलीच नाही, का तर तिथे फारसं काही लिहिलेलं नाही! कागद कधी पोहोचला, कोणी पाहिला, पुढे काय ठरलं, हे पुष्कळदा त्या पाठीवरच्या शेऱ्यातच असतं. शिवाय कोणीतरी बसून लिप्यंतर केल्याशिवाय, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवल्याशिवाय, हा कागद कोणत्याही शोधात सापडायचा नाही. संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत, म्हणजे युनिकोडमध्ये, मोडीला २०१४ सालीच जागा मिळाली आहे. कमी पडताहेत ती वाचणारी माणसं.

छापील ग्रंथांचंही तेच. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या बडोद्याच्या प्राच्य विद्या मंदिरानं १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या हस्तलिखितांचा ताळा घेऊन वर स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक टाइपात पाठभेद, म्हणजे इतर पोथ्यांत त्या जागी आढळणारे वेगळे शब्द, अशी तिची मांडणी. संपादकांनी डोळे शिणवले ते या खालच्या भागासाठी. संगणकावर शोधता येणारी जी संहिता सर्रास वापरली जाते, तिच्यात मात्र हा खालचा भागच नाही. विद्यार्थी तिथला श्लोक उचलतो आणि वाल्मीकींचा म्हणून लेखात घालतो. तो श्लोक दुसऱ्या पोथीत वेगळा आहे, हे त्याला कळायला वावच राहत नाही. कागदावर जागेची अडचण होती, तरी संपादकांनी पाठभेद दिले. पडद्यावर जागाच जागा असून ते गाळायचे, हे मला फार लागतं.

माझ्या मते लिप्यंतर, सूची आणि टिपा हीच आजची खरी विद्वत्ता आहे. एखाद्या तरुणीनं शंभर मोडी कागद वाचून, मूळ चित्राशेजारी लिप्यंतर आणि शंकास्थळं खुणा करून ठेवली, तर नेमणुकीच्या आणि बढतीच्या वेळी त्याला शोधनिबंधाइतकंच वजन मिळायला हवं. तसं होत नाही तोवर हे किचकट काम कोण अंगावर घेईल? विद्यापीठांनी याचा विचार करावाच.

दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या घरांतून अजून मोडी कागद निघतात. ते मोबाईलवर टिपणाऱ्यांना एवढंच विनवतो की, दोन्ही बाजू घ्या, रुमाल (कागद बांधून ठेवलेलं फडकं) सोडण्याआधी कोणता कागद कशाच्या शेजारी होता ते लिहून ठेवा, आणि वाचता न आलेलं अक्षर अंदाजानं भरू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बडोदे